तीन भावांचं घर, एक नेट: आधी वायर, मग वाय-फाय

प्रश्न अमळनेरहून आलाय. तीन भावांचं एकत्र घर. पुढचा भाग जुना, पांढऱ्या मातीच्या भिंतींचा, वर धाबं. त्याला लागून मागे स्लॅबचं दुमजली घर. बोळाच्या पलीकडे काकांचं वेगळं घर. मागच्या घराच्या वरच्या खोलीत दोन भाडेकरू पोरं, कॉलेजची. १०० एमबीपीएसचं फायबर पुढच्या ओट्यालगतच्या खोलीत उतरलंय. त्या खोलीत नेट पळतं, माजघर ओलांडलं की अडखळतं आणि काकांकडे तर वाय-फायचं नावही दिसत नाही. विचारणारा भाऊ म्हणतो, २०० चा प्लॅन घेऊ की चार अँटेनांचा मोठा राऊटर आणू?

भाऊ, दोन्ही नको. तेच पैसे वायरीत घाला. मी २० वर्षांपेक्षा जास्त काळ धुळे-जळगाव पट्ट्यात हेच काम करतोय, सुरुवात केबल टीव्हीच्या खांबावर चढून केली. एकत्र घरात नेट रडतं तेव्हा दहातल्या आठ वेळा प्लॅन ठीक असतो. नेट घरापर्यंत आलेलं असतं, घरात फिरत नसतं.

आधी प्लॅनचा हिशेब उरकू. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण ८ बिटांचा एक बाइट. टीव्हीवर एचडी चित्र चालायला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोरके असेल तर १५ ते २५. व्हिडिओ कॉलला ३-४ पुरतात. तुमच्या तिन्ही चुलींचे टीव्ही एकदम एचडीवर चालू, दोन पोरं ऑनलाइन क्लासला, वहिनी माहेरी व्हिडिओ कॉलवर, बाकीचे मोबाइलवर रील बघतायत असं धरलं तरी ५०-६० च्या पुढे गाडी जात नाही. खात्री करायची तर लॅपटॉप वायरीने थेट कंपनीच्या डब्याला लावा. त्या डब्याला कोणी मोडेम म्हणतं, कोणी ओएनटी, मी डबाच म्हणतो. वायरीवर ९० च्या वर स्पीड दिसला तर कंपनीने तिचं काम केलंय, पुढचं तुमच्या घरातलं.

इथे एक आकडा लक्षात ठेवा, ९४. पुढे कधी मोठा प्लॅन घेतलात आणि वायरीवरही स्पीड बरोबर ९४ च्या आसपास अडकला, तर कंपनीला फोन लावायच्या आधी वायर बघा. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० च्या जोडणीला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाचा प्लग चेपताना, नीट बसली नाही तर दोन्हीकडची यंत्रं आपसात समजुतीने १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. माझ्याकडे आलेल्या 'कंपनी फसवते' या तक्रारींपैकी कितीतरी अशा एका पांढऱ्या-तपकिरी तारेपाशी संपल्यात.

आता भिंती. जुन्या घराची मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते. उन्हाळ्यात ती घर थंड ठेवते, आणि तीच वाय-फाय गिळते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जलद, पण एका जाड भिंतीपलीकडे त्याचा जीव जातो. २.४ गिगाहर्ट्झ थोडा पुढे जातो, पण तुमच्याकडे पुढची खोली, माजघर आणि मग नव्या घराची वीट अशा तीन भिंती आहेत. मोठ्या अँटेनाचा राऊटर आणून हे सुटत नाही, कारण वाय-फाय म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणं. तुम्ही लाउडस्पीकरवरून आजोबांना हाक मारली तर त्यांना ऐकू येईल, पण त्यांचा 'ओ' तुमच्यापर्यंत कसा पोचणार? मोबाइलचा आवाज आजोबांएवढाच असतो. म्हणून मोबाइलवर चार काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

आपल्याकडचा एक खास अडथळा कंपन्यांच्या पुस्तिकेत सापडणार नाही, तो म्हणजे कूलर. भुसावळला एक गिऱ्हाईक दर एप्रिलला फोन करायचं, 'नेट चाली नही ऱ्हायनं भो'. मी जायचो, सगळं तपासायचो, काही सापडायचं नाही. पावसाळा लागला की तक्रार आपोआप बंद. दोन वर्षं मी त्याला उन्हाने लाइन तापते असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, हे कबूल करतो. तिसऱ्या वर्षी डोक्यात प्रकाश पडला. राऊटर हॉलमध्ये, पोरगा अभ्यासाला पलीकडच्या खोलीत आणि मधल्या खिडकीत एप्रिल ते जून पत्र्याचा भलामोठा कूलर. हिवाळ्यात त्याच उघड्या खिडकीतून सिग्नल जायचा. उन्हाळ्यात तिथे लोखंडी पेटी, आत ओल्या जाळ्या आणि खाली पाण्याची टाकी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. राऊटर दुसऱ्या भिंतीवर चार फूट सरकवला आणि एप्रिलचा फोन बंद झाला. तर राऊटरची जागा ठरवताना उन्हाळ्यात कूलर कुठे बसतो ते आईला विचारून घ्या. लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरसा यांच्या मागेही नको.

तुमच्या घरात करायचं असं. कंपनीचा डबा पुढेच राहू द्या. तिथून एक कॅट ६ वायर मागच्या घराच्या जिन्यापर्यंत न्या, तिथे पाच किंवा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका वायरीच्या अनेक करणारी पेटी) बसवा. स्विचमधून एक वायर तळमजल्याच्या अॅक्सेस पॉइंटला (वायरीवरचं नेट वाय-फायने पसरवणाऱ्या यंत्राला), एक वरच्या मजल्याच्या, एक काकांसाठी आणि एखादी टीव्हीला. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायरच द्यायची. टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, दुकानाचा कॉम्प्युटर वायरीवर गेले की हवेतली गर्दी निम्मी होते. एका ओढीत १०० मीटरपर्यंत वायर चालते, तुमच्या घरात तिचा निम्मा भागही लागणार नाही.

वायर घेताना डोळे उघडे ठेवा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर निम्म्या भावात मिळते आणि वरचं छापील नाव तेच असतं. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लाल असेल तर तांबं, खरवडल्यावर पांढरी चकाकी आली तर परत द्या. मुलाम्याची तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि वायरीतूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा छताचे अॅक्सेस पॉइंट तिच्यावर नीट चालत नाहीत. क्रिम्पिंगचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही पोरं 'रंग जुळले म्हणजे झालं' म्हणून निळ्याशेजारी निळा लावतात. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, पण लांब वायरीवर स्पीड पडतो, कारण तीन आणि सहा नंबरची तार एकाच पिळाची असावी लागते.

वायर पाइपातून न्या आणि विजेच्या वायरीच्या पाइपात घुसवू नका, वेगळा पाइप टाका. जळगावसारखं पीव्हीसी पाइपांचं गाव जिल्ह्याला असताना आपल्या गच्च्यांवर नेटच्या वायरी उन्हात वाळत घातल्यासारख्या लोंबतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. दोन उन्हाळ्यांत वरचं आवरण तडकतं, मग पावसाचं पाणी आत आणि उरलंसुरलं उंदीर बघतात. मातीच्या भिंतीत भोक पाडताना हातोड्याचा ड्रिल जोरात चालवू नका, आतली माती भसाभस सुटते. हळू भोक पाडा, लगेच पाइपाचा तुकडा बसवा, बाहेरचं टोक थोडं खाली झुकलेलं ठेवा म्हणजे पाणी आत येणार नाही, आणि कडेने लिंपण करून घ्या.

आता सेटिंग. इथे गोंधळ फार होतो. घरात पत्ते वाटणारा कारभारी एकच असला पाहिजे. प्रत्येक मोबाइलला १९२.१६८ ने सुरू होणारा एक अंतर्गत पत्ता लागतो आणि तो राऊटर वाटतो. तुमचा कारभारी कंपनीचा डबा. मागच्या घरात जे राऊटर लावाल ते अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. जुना राऊटर असेल आणि त्यात तो मोड नसेल, तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या (डब्याचा १९२.१६८.१.१ असेल असं धरून) आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरून नेट घेण्याच्या) पोर्टात न घालता लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात घाला. डीएचसीपी चालू राहिला तर अर्ध्या मोबाइलांना डबा पत्ता देतो, अर्ध्यांना राऊटर, आणि 'माझं चालतं, तुझं का नाही' असं भावाभावांत सुरू होतं. वॅन पोर्टात घातली तरी नेट चालेल, पण पुढच्या घरातून मागचा प्रिंटर आणि कॅमेरे दिसणार नाहीत.

आणखी एक, स्विचची मोकळी वायर दिसली म्हणून त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचायची नाही. चोपड्याला एका घरी झाडलोट करताना कोणीतरी सुटलेलं टोक 'इथलंच असेल' म्हणून लावून टाकलं. साध्या स्विचमध्ये तोच निरोप गोल गोल फिरत बसतो आणि मिनिटाभरात सगळं घर बंद. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील तर हेच समजा.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सगळ्या अॅक्सेस पॉइंटांवर एकच ठेवा, चॅनल मात्र वेगवेगळा. २.४ वर १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. पुढे १, मागे ६, काकांकडे ११, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, तिथे ८० ची रुंदी चालेल. सिग्नल मोजायला मोबाइलवर फुकटची अॅप मिळतात, ती उणे आकडा दाखवतात. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की रडगाणं. वायर टाकायच्या आधी मोबाइल हातात धरून घरभर फिरा, आकडे कागदावर लिहा, अॅक्सेस पॉइंटची जागा तो कागदच सांगेल. आणि रिपीटर? प्लगमध्ये खोचायचा तो डबा एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणजे स्पीड निम्मा. भाड्याच्या घरात भोक पाडू देत नसतील तर ठीक, स्वतःच्या घरात नको.

काकांचं घर. बोळ १२-१५ फुटांचा, म्हणून तुम्हाला वाटेल की तीच कॅट ६ वरून टाकून देऊ. मीही तेच करायचो. पारोळ्याला दोन घरांच्या गच्च्यांमध्ये मी तांब्याची वायर टाकली होती, छान चालली. मृगाच्या पहिल्या पावसात शेजारच्या निंबावर वीज पडली. वीज वायरीवर नव्हती पडली, नुसती जवळ. दोन्हीकडचे स्विच, एक राऊटर आणि नवा टीव्ही गेला. दोन घरांचं अर्थिंग वेगळं, मधे तांब्याची तार, मग दाब एका घरातून दुसऱ्यात धावणारच. त्या टीव्हीचे अर्धे पैसे मी माझ्या खिशातून दिले. त्यानंतर दोन इमारतींमध्ये मी तांबं टाकलेलं नाही.

तिथे फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. साधी ड्रॉप केबल (खांबावरून घरात येते तसली फायबर) घ्या, पण आत लोखंडी तार नसलेली, फायबरग्लासच्या काडीची. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटची वायर यांना जोडणारी यंत्रं) लागतील, ते ए आणि बी असे जोडीनेच घ्यायचे: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ए आणलेत तर पॉवरचे दिवे लागतील, बोलणं होणार नाही. हिरव्या टोकाची जोडणी निळ्यात घालू नका, हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. आणि तुमच्या बोळातून चाऱ्याची गाडी जात असेल तर केबल तिच्या वरून जाईल इतकी उंच ठेवा, विजेच्या खांबाला बांधू नका. एवढी जोडणी लाइनमन तासाभरात करून देईल.

भाडेकरू पोरांबद्दल मी थोडा कडक आहे. काका घरचेच. पण भाडेकरूला तुमच्या कनेक्शनवर घेऊन महिन्याला पैसे घ्यायचे, हे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. शिवाय त्या नेटवरून कोणी काही उद्योग केला तर पोलीस आधी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचं दार ठोठावणार. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या मोकळ्या वाय-फायवरून गेला होता आणि चौकशी त्या घरात राहणाऱ्याची झाली. पोरांना त्यांच्या नावावर छोटं कनेक्शन घेऊ द्या. नेट वाटून पैसे कमवायचेच असतील तर पीएम-वाणी ही सरकारी योजना डिसेंबर २०२० पासून आहे, तिच्यात दुकानदारालाही परवाना किंवा नोंदणी फी न भरता सार्वजनिक वाय-फाय चालवता येतं. पण तो वेगळा धंदा आहे, घरच्या वाय-फायचा पासवर्ड देण्याइतकं सोपं नाही.

पाहुण्यांसाठी मात्र गेस्ट नेटवर्क सुरू करा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा तुमच्या घरातले पंधरा मोबाइल एका दिवसात चाळीस होतात, प्रत्येक भाच्याला पासवर्ड हवा असतो आणि झोक्यावर बसूनही नेट हवं असतं. गेस्टवरचा मोबाइल तुमच्या कॅमेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि सण संपला की ते बंद करता येतं. बऱ्याच डब्यांत एका नावावर ३२ जोडण्यांचीच मर्यादा असते. सणाला शेवटी आलेल्या जावयाला नेट मिळत नाही ते त्यामुळे, त्यात कोणाचा राग नसतो. बाकी डब्लूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद, सुरक्षा डब्लूपीए २ किंवा ३, आणि डब्याच्या मागे चिकटवलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. पासवर्ड मोबाइल नंबर नसावा, तो सगळ्या गल्लीला पाठ असतो.

राहिली लाइट आणि ऊन. पूर्वी केबलवाल्यांचं नेट गच्चीगच्चीवरच्या स्विचमधून यायचं, त्या घराची लाइट गेली की सगळी गल्ली बंद. आताच्या फायबरमध्ये खांबावरचा स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा) नुसता काचेचा, त्याला वीज लागत नाही. म्हणून लाइट गेली तरी ऑपरेटरच्या टोकाला बॅटरी असते तोवर नेट तुमच्या दारापर्यंत जिवंत असतं, फक्त तुमचा डबा मेलेला असतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. डबा साधारण १० वॉट खातो. आत २००० एमएएचच्या दोन सेल असतील तर जवळपास १५ वॉट-तास, म्हणजे तास-सव्वा तास. चार सेलवाला घेतला तर दोन-अडीच. घरात इन्व्हर्टर असला तरी मिनी यूपीएस लावाच, कारण इन्व्हर्टरवर पलटी होताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात डबा बंद होऊन पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. मागचा स्विच, अॅक्सेस पॉइंट आणि काकांकडचा कन्व्हर्टर यांनाही बॅकअप द्या, नाहीतर पुढच्या खोलीत नेट आणि बाकी सगळे अंधारात.

डबा पत्र्याखाली किंवा माळ्यावर ठेवू नका. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४४-४५ होतं. उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी अॅडॉप्टर तपासा. मल्टिमीटरने मोकळा मोजला तर १२ दाखवेल, डबा जोडलेला असताना मोजा. १० वर उतरला तर आतला कपॅसिटर फुगलाय. दर १० अंशांनी त्याचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून अॅडॉप्टर एक्स्टेन्शनच्या गर्दीत दाबून ठेवू नका. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र ते तुमचं काम नाही, फायबर कुठेतरी तुटलंय. लाइनमन आला की त्याला पॉवर मीटरचा (फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा विचारा. उणे १८, उणे २२ असेल तर निर्धास्त, उणे २७ च्या पलीकडे असेल तर त्याला तसं जाऊ देऊ नका, पहिल्या वादळाला पुन्हा बोलवावं लागेल.

काम सुरू करायच्या आधी बोळ टेपने मोजून घ्या, अंदाजाने केबल आणली की हमखास दोन मीटर कमी पडते. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहा: 'काका', 'वरचा मजला', 'टीव्ही'. चोपड्याच्या त्या घरात तेवढं लिहिलेलं असतं तर माझी ती चक्कर वाचली असती.